खालचा आणि वरची

कुंभाराचं गाढव शाळेमागच्या विहिरीत पडलं त्या दिवशी त्याचा जन्म झाला, आणि गावाच्या लक्षात राहिलं ते गाढव.

त्याचं वय कुणी विचारलं की जाणती माणसं आधी गाढवाचा हिशेब मांडायची. "गाढव पडलं तेव्हा शाळेचं छप्पर नवं होतं. छप्पर उडालं ते त्याच्या पुढच्या वर्षी..." अशी बोटं मोजत मोजत ती साठावर यायची आणि मग त्याच्याकडे बघून म्हणायची, "म्हणजे तुलाही साठच की." कुंभार अजून होता. तोंडात दात नव्हते, कानांनी काम सोडलं होतं, पण त्या दिवसाचा विषय निघाला की म्हातारा ताठ बसायचा. त्या दिवशी एका बाईला मुलगाही झाला ही गोष्ट तो नाकारत नसे. फक्त त्यानं मूळ विषयाला फाटे फुटतात असं त्याचं मत होतं.

बाप विहिरी खणायचा. पोर जन्मलं तेव्हा तो खाली विहिरीत, गाढवाच्या पोटाखालून दोर सरकवत होता. वरून कुणीतरी ओरडलं, "मुलगा झाला!" खालून बापानं विचारलं, "कुणाला?"

पुढं त्या मुलानंही विहिरीच खणल्या. लग्न झाल्यावर बायको वर रहाटावर उभी राहायला लागली आणि गावानं दोघांची नावं टाकून दिली. तो खालचा, ती वरची. रस्त्यानं जाणारा माणूस विहिरीच्या काठाशी थांबून तिला विचारायचा, "काय म्हणतो खालचा?" ती म्हणायची, "खाली आहे." बाजारात ते दोघं शेजारी शेजारी चालताना दिसले तरी लोक म्हणायचे, "खालचा आणि वरची आले." एका पातळीवर असूनसुद्धा.

काम सरळ होतं. विहिरीच्या तोंडावर दोन खांब, त्यांवर आडवा ओंडका, ओंडक्याला लोखंडी दांडा. दांडा फिरवला की जाड दोर ओंडक्यावर गुंडाळत यायचा. त्या दोराचं दुसरं टोक खालच्याच्या कमरेला. भिंतीतल्या खाचांत पाय ठेवत तो उतरायचा, ती दोर सोडत जायची. तो तळाला पोचला की ती खाली बसायची आणि उरलेला दोर मांडीवर घ्यायची. बादलीसाठी वेगळा बारीक दोर होता, तो ती दुसऱ्या हातानं ओढायची. कमरेचा दोर विहिरीत असेपर्यंत सोडायचा नाही, हा बापानं घालून दिलेला नियम. खालच्यानं तो कधी मोडला नव्हता. बाकी तिच्या कामात विशेष काही आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं. कुणी तिचं कौतुक केलं तर तो म्हणायचा, "तिला काय, दांडा फिरवायचा." ती हे ऐकायची आणि दांडा फिरवायची.

त्या वर्षी पाण्यानं सगळ्यांना तोंडघशी पाडलं. नळ उघडला की आधी खोकायचा, मग नुसताच श्वास सोडायचा. तळ्याच्या जागी भेगांची नक्षी उरली. गल्लीतल्या बायका पहाटे हंडे घेऊन निघायच्या आणि उन्हं डोक्यावर आल्यावर भांडत परत यायच्या.

खालच्याचा मुलगा बोअरच्या गाडीवर होता. बाप खणायचा, मुलगा भोकं पाडायचा. बापाला जिथं पोचायला हंगाम लागे तिथं त्याची गाडी दुपारच्या जेवणाआधी पोचायची. त्यानं गल्लीत तीन भोकं पाडली, तिन्हीतून धूळ निघाली. चौथ्यातून जरा बारीक धूळ निघाली तेव्हा लोकांना थोडी आशा वाटली. मग गाडी दुसऱ्या गावाला गेली आणि गल्लीतली माणसं खालच्याच्या दारात येऊन उभी राहिली. शाळेमागची, बापानं खणलेली आणि खालच्यानं दर दुष्काळात खोल नेलेली जुनी विहीर आणखी खोल न्यायची होती. गाढवाचीच विहीर.

खालच्यानं हनुवटी खाजवली. एकदम हो म्हणणं बरं दिसत नाही म्हणून आकाशाकडे बघितलं. मग हो म्हणाला.

त्या संध्याकाळी गाडीवरून घरी परतलेला मुलगा म्हणाला, "बाबा, ही शेवटची."

"शेवटची का?"

"साठ होतायत तुम्हाला. वाढदिवसाला वर यायचं आणि दोर माझ्याकडे द्यायचा. मला पाइप बांधायला लागतोच आहे."

"विहीर वय विचारते का रे?"

"विहीर नाही विचारत. तुमचा डावा गुडघा विचारतो."

खालचा गार पडला. गुडघ्याचं त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. घरात तो बसताना भिंतीचा आधार घ्यायचा, पण भिंतीवर काहीतरी तपासत असल्यासारखं करून. उठताना मुद्दाम खोकायचा, म्हणजे हाडाचा आवाज खोकल्यात जाई. त्यानं आजूबाजूला बघितलं. सून लसूण सोलत होती. वरची पाठमोरी उभी राहून कप विसळत होती. फार ताणलं तर गुडघा घराच्या मधोमध येऊन बसेल, म्हणून तो म्हणाला, "बरं. वाढदिवसापर्यंत."

रात्रभर त्यानं फितूर शोधला. शेवटी संशय मलमावर आला. गोठ्यामागं जाऊन तो जे मलम चोळायचा त्याला वास होता. त्यानं मलम बंद केलं. गुडघा आणखी ठणकायला लागला, पण निदान बिनवासाचा.

सुनेनं दुसऱ्याच दिवशी खुर्ची आणली. प्लास्टिकची, हात असलेली, पाठीला फुलाची जाळी. "बाबा, आता यावर बसायचं. जमिनीवर नाही," ती म्हणाली. सून मनानं चांगली होती, त्यामुळे तिला नाही म्हणणं अवघड. खालचा खुर्चीत बसला. त्याचे हात खुर्चीच्या हातांवर ठेवले गेले, पाठ जाळीला टेकली, आणि आपल्याला आता कुणीतरी प्रश्न विचारणार आहे असं त्याला वाटायला लागलं. शेजारची बाई साखर मागायला आली आणि त्याला बघून दबक्या आवाजात बोलायला लागली, आजाऱ्याच्या घरी बोलतात तसं.

तो रोज उजाडताच विहिरीवर जायचा.

खाली गाळ काढून झाल्यावर मुरूम लागला, मुरमाखाली काळा खडक. पहार आपटली की ती हातातून उलटी झिणझिण्या पाठवायची, दातापर्यंत. छिन्नी लावायची, हातोडा मारायचा, चिरेत पहार घालून अंगाचा भार द्यायचा, खडकाचा कपरा, म्हणजे तुकडा, सुटला की घमेल्यात, घमेलं बादलीत. "ओढ!" तो ओरडायचा. बादली डोक्यावरून वर जायची आणि त्यातून खडे गळायचे, म्हणून तो भिंतीला चिकटून उभा राहायचा. दुपारी ऊन सरळ खाली उतरायचं, तळ तापलेल्या तव्यासारखा व्हायचा. अंगावरचा घाम खडकावर पडून वाळायचा आणि त्याला क्षणभर वाटायचं पाणी लागलं.

"पाणी?" वरून ती विचारायची.

"माझंच."

एवढंच बोलणं. दिवसाकाठी तेवढं पुरे व्हायचं.

संध्याकाळी वर चढताना तो डाव्या पायावर फार भार देत नसे. उजवा पाय खाचेत, हातांनी पकड, डावा नुसता टेकवल्यासारखा. अंधारात कुणाला दिसतंय? वर आल्यावर ती त्याच्या कमरेची गाठ सोडायची आणि काही म्हणायची नाही.

विहिरीनंही काही दिलं नाही. वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा तळ कोरडा ठणठणीत होता. वर मुलगा येऊन उभा होता, काठापासून चार हात लांब. शेकडो फूट भोकं पाडणाऱ्या या माणसाला विहिरीत डोकावलं की चक्कर यायची. "उद्या, बाबा," तो लांबूनच म्हणाला. खालचा म्हणाला, "हत्यारं खालीच राहिलीत. सकाळी तेवढी घेऊन येतो."

सकाळी तो उतरला. वरचीनं दोर सोडला, तो तळाला टेकला, ती बसली आणि दोर मांडीवर घेतला. मग दोर ढिला झाला. तिनं हातानं अंदाज घेतला, थोडा ओढला. आला. आणखी ओढला. येतच राहिला. ती उठली आणि दांडा फिरवायला लागली, आणि दांडा असा फिरत होता जसा तो आयुष्यात कधी फिरला नव्हता, रिकाम्या घराचं दार उघडावं तसा. टोक वर आलं. गाठ सुटलेली होती, सोडलेली होती.

ती टोक हातात धरून काठावर बसली.

"अहो!"

"आहे," खालून आवाज आला. "धडधाकट आहे. पण वर येत नाही."

"म्हणजे?"

"वर आलो की साठ. मग खुर्ची. मी इथंच बरा आहे."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. खालचा विहिरीत बसला आणि येत नाही म्हणतो हे ऐकून गल्ली काठावर जमा झाली. रिकामे हंडे घेऊन निघालेल्या बायका हंडे घेऊनच आल्या. शाळेच्या मोठ्या बाई वर्गातली सगळी मुलं घेऊन आल्या, कारण वर्गात नाहीतरी कुणाचं लक्ष नव्हतं. मुलांनी एका सुरात विहिरीत तोंडं घालून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. विहिरीनं त्या जशाच्या तशा परत केल्या, दोनदा, त्यामुळे गल्लीनं स्वतःलाच शुभेच्छा दिल्यासारखं झालं.

मुलगा लांब उभा राहून आधी समजावत होता, मग चिडला, मग काकुळतीला आला. "बाबा, हा काय पोरखेळ!"

"साठीला नाही करायचा तर कधी?"

"कुणीतरी उतरा आणि त्यांना बांधा," मुलगा म्हणाला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. विहिरीत उतरायची माहिती असलेला गावातला एकच माणूस आत्ता विहिरीत होता.

मग कुंभाराला आणलं. दोघांनी त्याला धरून काठावर बसवलं. परिस्थिती त्याच्या कानात ओरडून सांगितली. म्हाताऱ्यानं मान हलवली, विहिरीकडे तोंड केलं आणि घसा साफ केला.

"हे बघ बाबा," तो म्हणाला, "आमचं गाढव याच विहिरीत होतं. तेही आधी ऐकत नव्हतं. पण दोर बांधल्यावर मुकाट वर आलं. पुढं अकरा वर्षं माती वाहिली त्यानं."

"काका, मी माती वाहायलाच इथं थांबलोय," खालचा म्हणाला.

केक दुपारी आला, तोवर ऊन विहिरीतून वर सरकलं होतं. सुनेनं तो शहरातल्या बेकरीतून मागवला होता. सासरे विहिरी खणतात, तर केकवर विहीर काढा, असं तिनं सांगितलं होतं. बेकरीवाल्यानं विहीर वरून बघून काढली होती, म्हणजे पांढऱ्यावर एक चॉकलेटी गोल. सून डबा घेऊन काठावर उभी राहिली, एवढी माणसं बघून तिचे डोळे भरले. मग तिनं पदार्थाचा मान राखायचं ठरवलं. केक बादलीत ठेवला, वर मेणबत्ती लावली आणि वरचीला म्हणाली, "आई, सोडा."

वरचीनं बारीक दोर हातात घेतला आणि बादली खाली सोडली. सगळी गल्ली वाकून बघत होती. उजेडाचा ठिपका भिंतींवरून घरंगळत खाली गेला. एकदाही हेलकावला नाही, कुठं टेकला नाही, ज्योत विझली नाही.

"फुंका, बाबा!" सून ओरडली.

पण खालच्यानं मेणबत्ती फुंकली नाही. ती उचलली. अंधारात बसून बसून त्याला उजेडाची हाव सुटली होती. त्यानं ती तळाभोवती फिरवली, उगाचच. आणि भिंतीच्या पायथ्याला, अगदी कोपऱ्यात, जिथं उभ्या माणसाची नजर जात नाही, तिथं खडक चमकला. त्यानं ज्योत जवळ नेली. खडकाच्या पोटात एक चीर होती आणि चिरेच्या ओठावर ओल. बोट लावलं. बोट ओलं झालं. चाखलं. घाम खारट असतो. हे नव्हतं.

तो ओरडणार होता, पण आधी घाव घालू म्हणाला. चीर इतकी खाली होती की गुडघे टेकूनच छिन्नी लावावी लागणार. त्यानं उजवा टेकला. डावा टेकला, आणि मांडीपर्यंत अशी कळ गेली की मेणबत्ती केकमध्ये पडून विझली. तो भिंतीला धरून उठला. पुन्हा बसला. आडवा होऊन बघितलं तर हात उगारायला जागा नव्हती. एका गुडघ्यावर तोल सांभाळून त्यानं दोन घाव घातले, दोन्ही चुकले. तिसरा बोटावर बसला. अंगठ्याचं रक्त चोखत तो अंधारात उभा राहिला. पाणी वीतभर खडकापलीकडं होतं आणि साठ वर्षांचा गुडघा मधे बसला होता.

वर लोकांना घाव ऐकू आले. "काम करतोय वाटतं," कुणीतरी म्हणालं.

वरची उठली. "नाही करत," ती म्हणाली. "त्यांना जमत नाहीय." तिनं जाड दोराचं मोकळं टोक स्वतःच्या कमरेला बांधायला घेतलं.

"आई! तू काय करतेस?"

"दांडा धर."

"तू कधी उतरली नाहीस!"

"म्हणून तर. हळू सोड. आणि विहिरीत बघू नकोस, नाहीतर तूही खाली यायचास."

मुलानं डोळे घट्ट मिटून दांडा धरला.

ती धक्के खात, कोपरं खरचटत खाली आली. पाय तळाला टेकल्यावरही तिनं दोन्ही हातांनी भिंत धरून ठेवली. खालच्यानं तिचा दंड पकडला.

"वेडी झालीस? कशाला आलीस?"

ती वर बघत होती. वर, फार लांब, आकाशाचा एक लहान निळा तुकडा होता आणि त्याच्या कडेनं मुंग्यांएवढी डोकी. तिनं इतकी वर्षं त्या कडेवर उभं राहून खाली बघितलं होतं. खालून ती एवढीशी दिसत असणार हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. मग तिची नजर भिंतीवरून उतरायला लागली. वरच्या अर्ध्यात घावांच्या रेघा एका बाजूला कललेल्या, सासऱ्यांच्या. खालच्या अर्ध्यात सरळ, दाट, एकाशेजारी एक, एकही जागा सुटलेली नाही. तिनं त्यांवरून तळवा फिरवला.

"हे सगळं हातानं केलंत?"

"मग काय पायानं?"

पण तिचा हात जिथं जिथं जात होता तिथं तोही बघायला लागला. इतकी वर्षं त्याचं तोंड कायम पुढच्या घावाकडे होतं. मागच्या घावांकडे वळून बघायचं राहून गेलं होतं. खडकाचा एवढा मोठा गोल उभा होता, कपऱ्या कपऱ्यानं काढलेला, आणि त्यातला प्रत्येक कपरा वर गेला होता. कसा गेला होता? त्याला पहिल्यांदाच हा प्रश्न पडला. त्यानं "ओढ" म्हटलं होतं आणि तो गेला होता.

"गुडघ्याचं पोराला तूच सांगितलंस," तो हळू म्हणाला.

"हो."

"तुला कुणी सांगितलं?"

"दोरानं."

"दोरानं!"

"तुमची पाळी उजव्या पायाची असली की दोर हलका. डाव्याची आली की जड. तुम्ही चढताना मी वरती तुमचा पाय न् पाय मोजते. तुम्ही उपाशी उतरता ते कळतं. रागावून उतरता ते कळतं, तेव्हा गाठ जोरात आवळलेली असते, दोर ताठ येतो. तुमची आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही सबंध दुपार काम केलं नाही, नुसते बसून होतात आणि अधूनमधून हुंदका यायचा. मी वर बादली वाजवत बसले, लोकांना वाटावं काम चाललंय."

खालच्याला वाटत होतं की त्या दुपारचं या जगात कुणालाही माहीत नाही.

"आणि आज सकाळी," ती म्हणाली आणि थांबली. "आज सकाळी दोर नुसताच आला हो. असं परत करायचं नाही."

"नाही करणार."

"पाणी कुठाय?"

त्यानं कोपरा दाखवला. तिनं वाकून बघितलं, मग दोन्ही गुडघ्यांवर बसली, सहज, चुलीपुढं बसावं तशी, आणि छिन्नीसाठी हात पुढं केला.

"तुला येतं?"

"तीस-पस्तीस वर्षं ऐकतेय. कुठला घाव बसला आणि कुठला चुकला ते मला इथल्यापेक्षा वर जास्त कळतं. तुम्ही वर जा."

"आणि दोर?"

"माझ्या कमरेला हाच दोर राहील. तुम्ही बादलीच्या दोरानं जा, आपलं पोरगं ओढेल. वर गेलात की माझा दोर तुम्ही धरा."

मुलानं ओढलं. मुलगा बोअरच्या गाडीवरचा, त्याला एकच वेग माहीत. खालचा झटक्यासरशी उचलला गेला, समोरच्या भिंतीवर खांद्यानं आदळला, फिरला, मागच्या भिंतीवर पाठीनं आदळला, मग मधेच तसाच लटकत राहिला कारण मुलगा घाम पुसत होता. "माणूस आहे रे, पाइप नव्हे!" तो ओरडला. त्या दिवशी, साठ पूर्ण झाल्यावर, त्याला कळलं की विहिरीला भिंती असतात. इतकी वर्षं हजारो वेळा तो अशा विहिरींतून वर आला होता आणि कशालाही लागला नव्हता. त्याला वाटायचं आपण चढतो. आपली पकड चांगली आहे. विहीर आपल्याला ओळखते.

काठावर आला तेव्हा त्याच्या कोपरातून रक्त येत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सून रडत रडत खुर्ची घेऊन पुढं आली. तो खुर्चीला वळसा घालून रहाटापाशी गेला, वरची बसायची तिथं बसला. तिथली माती तिच्या बसण्यानं खोलगट झाली होती. बैठक त्याला जरा अरुंद पडली. त्यानं जाड दोर मांडीवर घेतला.

पहिल्यांदा काहीच नव्हतं. मग दोरात एक बारीक ठोका आला. मग दुसरा. खालून आवाज यायच्या आधी तो दोरातून यायचा, कमरेतून निघून त्याच्या तळहातात. ठोका, ठोका, मग थोडं थांबणं. दम घेतेय. ठोका. आता बूड हलवलं, उजवीकडे सरकली. आता घाम पुसला. पलीकडच्या टोकाला एक सबंध माणूस होता आणि तो हातात आला होता, श्वासासकट. त्यानं दुसरा हातही दोरावर ठेवला. नाकावर माशी बसली. ती त्यानं बसू दिली.

"काका, केक खाता?" सुनेनं वर राहिलेला डब्यातला चुरा कुंभाराला दिला. कुंभारानं त्यातला अर्धा स्वतः खाल्ला, अर्धा खालच्याच्या तोंडात भरवला, कारण त्याचे हात गुंतलेले होते. "गाढवाच्या वेळी केक नव्हता," म्हातारा म्हणाला.

मुलगा शेजारी येऊन उभा राहिला. "बाबा, मी धरू का थोडा वेळ?"

"नको. तुला नाही कळणार." थोड्या वेळानं तो म्हणाला, "मलाही फारसं कळत नाहीय. पण बघतोय."

"खुर्चीवर बसून तरी..."

"खुर्चीवरून दोर मांडीवर नीट राहत नाही. ती कुंभारकाकांना दे."

उन्हं कलली तेव्हा दोरात एक वेगळीच हालचाल आली, घाईची, आणि ठोके थांबले. खालच्यानं दोर मुठीत आवळला. मग आवाज आला. आधी तिचा नव्हता. खळखळही नव्हती, कुणीतरी लांब कुठंतरी भांडं हळूच ओतावं तेवढाच. शाळेतली मुलं गप्प झाली. काठावरच्या बायका हंडे छातीशी धरून वाकल्या. त्या आवाजात बोलण्यासारखं काही नव्हतं, तो ऐकायचाच होता.

"पाणी!" खालून वरची म्हणाली. ओरडली नाही, सांगितलं. "घोट्याएवढं झालंय. गार आहे."

"चल मग वर!"

"थांबा जरा. बसू दे."

"पाण्यात?"

"हो."

म्हणून तो थांबला. गल्लीतली माणसं बादली लवकर सोडा म्हणत होती, पण तो हलला नाही. त्याच्या मनात आलं, आपण इतक्यांदा "थांब जरा" म्हटलं होतं. चिलीम ओढायला, डुलकी काढायला, उगाचच. आणि वर कुणीतरी असंच दोर धरून, माशी बसू देऊन, थांबलं होतं. त्यानं कधी विचारलं नव्हतं की तिचे हात दुखतात का. त्याचे आत्ता दुखत होते. दोर फक्त दुपारपासून त्याच्या हातात होता.

मग दोन हिसके आले. हा त्यांचा इशारा, वर ओढ. तो उठला, दांडा धरला. पहिला वेढा घेतला आणि तिचं सगळं वजन त्याच्या खांद्यांवर आलं. ती त्याला वाटत होती त्याच्यापेक्षा हलकी होती आणि त्याला वाटत होतं त्याच्यापेक्षा फार जड. तो हळू फिरवत होता. दोर जरा झुलला की थांबायचा, झुलणं विरू द्यायचा, मग पुढं. दोनदा चुकला. कुठंतरी मधे दोर त्याला अंधुक दिसायला लागला, पण दांडा त्यानं थांबवला नाही.

तिचं डोकं काठावर आलं. गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत खडकाची भुकटी, दोन्ही तळव्यांना फोड. खालच्यानं तिची गाठ सोडली. गाठ ओली होऊन आवळली होती म्हणून वेळ लागला. बायका हंडे घेऊन बादलीकडे धावल्या.

"कसं ओढलं?" त्यानं विचारलं.

"दोनदा भिंतीला लागले."

"शिकेन."

"शिकाल." तिनं ओल्या बाहीनं तोंड पुसलं आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "मधे एकदा दोर थरथरला. अर्ध्यावर. रडत होतात काय?"

"नाक खाजत होतं."

"दोन्ही हात दांड्यावर होते."

"म्हणूनच तर थरथरलो," तो म्हणाला.

कुंभार खुर्चीत बसून पेंगत होता. मुलगा दोर गोळा करायला पुढं आला, पण खालच्यानं तो आधीच वेटोळं करून खांद्यावर घेतला होता. चिरेचं तोंड अजून मोठं करायचं होतं, म्हणजे उद्या लवकर यायला लागणार. घराकडे जाताना कुणीतरी सवयीनं हाक मारली, "काय, खालचे?" त्यानं वळून बघितलं नाही. वरचीनं बघितलं.